भीमराजचा वाटा

“ड्रायव्हर?”

“ठीक, दफादार.”

“गनर?”

आणि इथं सगळं अडून बसलं. पलंगाच्या कडेवर ताठ बसलेले दादासाहेब समोरच्या भिंतीकडे बघत उत्तराची वाट पाहू लागले. त्यांची मुलगी विजयश्री ताट घेऊन दारात उभी होती. ताटात मऊ भात, वरण आणि दुधात कुस्करायला अर्धी भाकरी होती. फौजेतला त्यांचा जुना ड्रायव्हर ज्योतीराम खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि फरशीकडे बघत होता.

“गनर?” दादासाहेबांनी पुन्हा विचारलं. आवाज चढला नाही, चिडलेला नव्हता. शाळेत मास्तर हजेरी घेताना एखाद्या पोरासाठी जरा जास्त थांबतात, तसे ते थांबले. मग भाजलेल्या, आखडलेल्या बोटांनी त्यांनी ताट बाजूला सारलं.

“गनर आला न्हाई अजून. त्यो आल्यावर बघू,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

विजयश्रीनं ताट स्वयंपाकघरात नेलं. ज्योतीराम मागोमाग गेला. चिंचवड गावठाणातल्या या नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता. म्हातारपणी एकटे पडलेल्या वडिलांना तिनं फलटणकडच्या गावाहून इथं आणलं, तेव्हा ते चांगले हिंडते-फिरते होते. या वर्षभरात मात्र त्यांचं डोकं हळूहळू मागं मागं जात राहिलं आणि शेवटी नेमकं युद्धात जाऊन थांबलं.

“आठवडा होत आला, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “सकाळी चार चमचे पेज कशीबशी पोटात जाते. बाकी दिवसभर गनर येऊ दे, गनर येऊ दे. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. बाबा नळी ठेवतील होय? उपटून टाकतील. मग हात बांधून ठेवतील त्यांचे.”

ज्योतीरामनं ताटावर झाकण ठेवलं.

“आमच्या ह्यांनी परवा करून बघितलं. ‘गनर ठीक’ म्हणाले मोठ्यानं. तर बाबा वळून म्हणतात, हा कोण शिरला रे आपल्या गाडीत, उतरवा ह्याला.” तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. “तुम्ही म्हणा ना, काका. तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. ते गनर कसे बोलायचे, ते पण तुम्हालाच माहीत. एका शब्दाचं तर काम आहे.”

“ते न्हाई जमायचं, विजू.”

“का पण?”

“दुसरं काय बी सांग. रोज येतो. ऱ्हातो इथं. हातानं भरवतो. पण तेवढं न्हाई.”

विजयश्रीनं ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच होता. “बरं,” ती म्हणाली. घरात आजारी माणूस असला की बायकांचा आवाज जसा कोरडा होतो, तसा तिचा झाला होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. ज्योतीराम चपला घालून निघाला.

दिघीला जायचं म्हणजे भोसरीत बस बदलायची. कंपन्या सुटायची वेळ होती. दांड्याला लोंबकळणारी पोरं मोबाइलमध्ये मान घालून उभी होती. एकानं उठून त्याला जागा दिली. ज्योतीराम खिडकीशी बसला आणि मनातल्या मनात स्वतःशीच भांडू लागला. एका शब्दाचं काम. बोलायला काय जातंय तिच्या. तिला काय ठाऊक तो शब्द कुणाचा आहे.

ज्योतीराम फौजेत रिसाल्यात, म्हणजे जुन्या घोडदळात होता. पायदळातल्या साध्या जवानाला शिपाई म्हणतात, पण रिसाल्यातला जवान असतो सवार आणि हवालदार असतो दफादार. घोडे जाऊन रणगाडे आले, त्यालाही किती वर्षं झाली, पण हुद्द्याचं नाव तेच राहिलं. निवृत्त होऊन तो खेड तालुक्यातल्या आपल्या गावी परतला, तेव्हा पारावरची माणसं त्याला विचारायची, “सवार म्हनं तुमी. मंग घोडा कुठं बांदलाय?” तो म्हणायचा, “दारातच हाय, पेंड संपली म्हनून बसलाय.” पुढं गावाच्या शिवारात कारखाने आले, भावांनी जमिनी विकल्या आणि ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीची बस चालवायला लागला. भोसरीहून माणसं उचलायची आणि शिफ्टला नेऊन सोडायची. गाडी सुरू करण्याआधी तो मागं वळून विचारायचा, “सगळे ठीक?” हे ऐकून नवीन पोरं हसायची. जुने कामगार ओरडायचे, “मागचे ठीक, काका, पुढचं तुमी बघा.” तेवढं ऐकल्याशिवाय त्याचा पाय क्लचवरून निघायचा नाही.

ती सवय दफादारांची. त्यांचा रणगाडा हलका, तिघांचाच. वर फिरत्या बुरुजात कमांडर दफादार दादासाहेब आणि तोफेवरचा गनर भीमराज. ड्रायव्हर ज्योतीराम खाली पुढं, आपल्या खोबणीत एकटा. त्याला वरची माणसं दिसायची नाहीत, कानाला लावलेल्या हेडफोनमधून नुसते आवाज यायचे. गाडी थांबली की दफादार आधी विचारायचे. ड्रायव्हर? गनर? दोघांची उत्तरं आल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. मग लंगरातून, फौजेच्या स्वयंपाकघरातून, काय असेल ते यायचं, पुऱ्या असोत की भाजी असो, दफादार आपल्या हातानं त्याचे तीन वाटे करायचे आणि स्वतःचा वाटा शेवटी उचलायचे. ज्योतीराम शिस्तीत “ठीक, दफादार” म्हणायचा. भीमराज बार्शीकडचा, कुणाला न ऐकणारा. तो कधीच ठीक म्हणाला नाही. तो म्हणायचा, “हाय की.” कुणी दार वाजवल्यावर घरातून ओ द्यावी, तसं. दफादार दोनचारदा रागावले, मग त्यांनाही त्याशिवाय चैन पडेना.

एकाहत्तरच्या डिसेंबरातली ती सकाळ ज्योतीरामनं कुणाला फारशी सांगितली नव्हती. पुऱ्या आल्या, वाटे झाले आणि तेवढ्यात निघायचा हुकूम आला. भीमराजनं आपला वाटा कागदात गुंडाळून खिशात टाकला. “आलो की खातो,” म्हणाला. पुढं उंच गवताच्या माळावर त्यांच्या गाडीला गोळा बसला. हेडफोन एकदम मुके झाले. धूर झाला. ज्योतीरामनं डोक्यावरचं झाकण वर ढकललं, तर ते उघडेना. तोफेची नळी बरोब्बर झाकणावर येऊन थांबली होती. डोकं लावून ढकललं, ओरडला, तळहातांची सालं निघाली. मागं आग लागल्याचा वास येत होता. आता आपण इथंच मरणार, असं त्याला अगदी स्वच्छ कळलं. आणि मग वर तोफ हातानं वळवायच्या चाकाचा करकर आवाज आला, नळी वीतभर सरकली आणि झाकण उघडलं. तो बाहेर पडून गवतात लोळला. दफादार तिथंच पडले होते, कोपरापर्यंत हात भाजलेले. भीमराज उतरायच्या आत गाडी पेटून फुटली.

दफादारांनी हुकूम दिला असणार, म्हणून भीमराजनं तोफ वळवली, हे ज्योतीरामनं तेव्हाच मनाशी धरलं. तसा दफादारांशी त्या दिवसाचा विषय कधी निघालाच नाही. पण आपल्या दफादारानं आपल्याला जिवंत काढलं, हे तो बायकोला, पोराला, बसमधल्या कामगारांना सांगत आला.

फौजी दवाखान्यात दोघांचे पलंग शेजारी होते. पहिल्या संध्याकाळी जेवणाची ताटं आली, तेव्हा बँडेजात गुंडाळलेल्या हातांचे दफादार छताकडे बघत म्हणाले, “ड्रायव्हर?” तो म्हणाला, “ठीक, दफादार.” ते म्हणाले, “गनर?” दोघं गप्प राहिले. मग दफादार म्हणाले, “चल, जेव.” तेव्हापासून हे असंच चाललं. सुट्टीत भेटले की समोरासमोर. मोबाइल आले तसं रोज, दिवेलागणीला. गनर म्हणून विचारायचं, जरा थांबायचं, आणि मग चल, जेव. ज्योतीरामची बायको इंदुताई तोवर ताट वाढून झाकून ठेवायची. त्या जरा थांबण्यात भीमराज होता. त्याची दुसरीकडे कुठं जागाच उरली नव्हती. त्याची आई कस्तुराबाई गेली, घर पडलं, पुतणे पुण्याला निघून गेले. आता ती जागा ज्योतीरामनं स्वतःच्या आवाजानं भरायची? ज्यानं जीव दिला, त्याचं उरलंसुरलंही आपणच घ्यायचं? त्याला ते चोरीसारखं वाटत होतं.

दिघीत मिलिटरीच्या हद्दीच्या भिंतीला लागून त्याची दोन खोल्यांची जागा होती. दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं. रणगाड्यातल्या त्या दिवसानंतर बंद दाराआड त्याला बसवत नसे. इंदुताई होती तोवर तीच दाराकडं लक्ष ठेवायची. ती गेल्याला तीन पावसाळे झाले. मुलगा दिग्विजय चेन्नईला गाड्यांच्या कंपनीत होता. रविवारी फोन करायचा, इकडं या म्हणायचा. तिथं सोळाव्या मजल्यावर आपोआप बंद होणारी दारं आहेत, हे ज्योतीराम एकदा बघून आला होता.

त्याची चाहूल लागून शेजारच्या कुसुमताई डोकावल्या. “भाऊ, जाताना कुलूप राहू दे, निदान कडी तरी घालत जा. चोर शिरला म्हणजे?”

“शिरला तर बरंच हाय. च्या तरी करंल माझ्यासाठी.”

“चेष्टा करा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “जेवलात का?”

साधा प्रश्न होता, पण ज्योतीरामनं आधी चपला काढून कोपऱ्यात लावल्या. दफादारांचा फोन बंद झाल्यापासून संध्याकाळ कधी होते आणि कधी सरते, याचा त्याला पत्ता लागत नव्हता. आठवलं तर खायचं, नाहीतर तसंच झोपायचं. “चल, जेव” म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते आता स्वतःच जेवत नव्हतं. ते गेलं की “ड्रायव्हर?” म्हणून हाक मारणारं कुणी राहणार नव्हतं. त्याला भीती वाटली. उघड्या दारात बसूनही जीव कोंडला.

“जेवलो,” तो कुसुमताईंना म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कस्तुराबाई आठवली. युद्धानंतर तो तिला भेटायला गेला होता. म्हातारीनं बाकी काही विचारलं नाही. पोरगं कसं गेलं, कुठं गेलं, काही नाही. एवढंच म्हणाली, “त्या दिशी जेवला व्हता का रं त्यो?” कागदातल्या पुऱ्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. “जेवला व्हता, आई. पोटभर,” तो म्हणाला होता. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला जेवायला वाढलं.

आता दफादारही उपाशी जाणार. तेही भीमराजसाठीच थांबून. आणि आपण खुर्चीत बसून फरशी बघणार.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो पुन्हा चिंचवडला आला. फौजेतला जुना गडद हिरवा स्वेटर घातला होता. विजयश्रीनं दार उघडलं. तिनं काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. “ताट आण,” एवढंच म्हणाला.

दादासाहेब आज जास्तच खंगलेले वाटत होते. बसवल्यावर मान डुगडुगत होती. पण ताटाचा आवाज झाला तशी पाठ ताठ झाली.

“ड्रायव्हर?”

“ठीक, दफादार.”

“गनर?”

ज्योतीरामनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. नेहमीच्या सवयीनं तो थांबला, आणि त्या थांबण्यातच त्यानं मनात भीमराजला विचारून घेतलं. मग तोंड जरा बाजूला वळवून, सैल, बेफिकीर आवाजात म्हणाला, “हाय की.”

दादासाहेबांची मान स्थिर झाली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येईल असं ज्योतीरामला वाटलं होतं. आलं नाही. उलट ते घाबरले. भाजलेले हात पुढं करून त्यांनी हवेत काहीतरी पकडायचा प्रयत्न केला.

“भीम्या, अजून आतच हाईस व्हय? सोड ते चाक. उतर खाली.”

ज्योतीराम पुढं वाकून ऐकू लागला.

“सोड म्हंतो न्हवं? जोती गेला. कानावर त्याचा आवाज न्हाई. मेलेल्या मानसापायी तू नगं मरू. हुकूम हाय माझा, भीम्या. हात दे इकडं. उडी टाक.”

ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. सोड. उतर. जोती गेला. आणि खुर्चीत बसलेल्या जोतीला, पंचाहत्तरीला टेकलेल्या, सून-नातवंडं आलेल्या जोतीला, कळत गेलं की त्या सकाळी त्याच्या दफादारानं त्याला सोडून दिलं होतं. तोफ वळवायचा हुकूम कुणी दिलाच नव्हता. हुकूम होता तो उलटा. आणि तो भीमराजनं ऐकला नव्हता, कारण भीमराज कुणाचं ऐकायचाच नाही.

त्याला राग आला. खरंच आला. छातीत कळ यावी तसा आला. आयुष्यभर ज्याच्या नावानं हात जोडले, तो हाच का, असं वाटलं. पण दादासाहेबांचे हात तसेच पुढं होते. कोपरापर्यंतची ती कातडी, पेटलेल्या गाडीत हात घालून भीमराजला ओढताना जळालेली. खाली झाकणाआड ड्रायव्हर जिवंत आहे, हे त्यांना कसं कळणार होतं? हेडफोन मुके झाले होते. एका जवानाला वाचवता येत होतं, म्हणून त्यांनी त्याला बोलावलं. ज्योतीराम त्यांच्या जागी असता तरी तेच म्हणाला असता. आणि मग इतकी वर्षं, रोज संध्याकाळी, न चुकता पहिली हाक ड्रायव्हरला. त्याचा आवाज कानावर येतोय ना, एवढंच बघायला. बिचारे, ज्योतीरामच्या मनात आलं. एवढं ओझं घेऊन रोज फोन करत होते.

“ऐकतोस न्हवं, भीम्या?” दादासाहेब आता रडत होते. “जोती गेला रं.”

“न्हाई, दफादार,” ज्योतीराम म्हणाला. आवाज भीमराजचाच राहिला, त्याला वेगळं काही करावं लागलं नाही. “जोती हाय आत. झाकण वाजवतोय. मला ऐकू येतंय. तेवढी तोफ वळीवतो.”

“जिता हाय?”

“हाय की.”

दादासाहेब ऐकत राहिले. खोलीत रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “वळली?”

“वळली.”

“जोती?”

“निघाला भाईर. गवतात पडलाय त्यो बघा.”

दादासाहेबांनी मान वळवून ज्योतीरामकडे बघितलं. कुठल्या ज्योतीरामकडे ते त्यांनाच माहीत. त्यांचे हात मांडीवर आले. “मंग तू ये की आता,” ते लहान पोराला म्हणावं तसं म्हणाले. “तू बी ये.”

यावर भीमराजनं काय उत्तर दिलं असतं, ते ज्योतीरामला माहीत नव्हतं, कारण भीमराजला वेळच मिळाला नव्हता. विजयश्री तोंडाला पदर लावून उभी होती. “आलो,” तो शेवटी म्हणाला. “आलो, दफादार.”

“बस मंग. जेव आदी.”

दादासाहेबांनी ताट पुढं ओढलं. त्या वाकड्या बोटांनी भाकरी मोडायला वेळ लागला. विजयश्री पुढं होत होती, ज्योतीरामनं हातानं तिला थांबवलं. तीन तुकडे झाले, लहानमोठे. एक त्यांनी ज्योतीरामच्या हातात दिला. “ड्रायव्हर.” दुसराही त्याच्याच हातात दिला. “गनर.” तिसरा स्वतःपुढं ठेवला आणि वाट बघत बसले.

ज्योतीरामनं आपला तुकडा खाल्ला. भीमराजचा तुकडा त्यानं हातात धरून ठेवला, कागदात गुंडाळून खिशात टाकावा असं वाटलं. दादासाहेबांचे डोळे त्याच्या हातावरून हलत नव्हते.

“खा,” ते म्हणाले. “मागनं खातो म्हनू नगंस.”

मग त्यानं तो खाल्ला. नुसती भाकरी, सुकी, गाल ओले होऊन थोडी खारट लागलेली. सावकाश चावून, शेवटचा कणसुद्धा हातावरून उचलून त्यानं सगळी संपवली. दादासाहेबांनी ते नीट बघून घेतलं. मग त्यांनी आपला तुकडा वरणात बुडवला आणि तोंडात घातला. त्यानंतर विजयश्रीनं कालवलेला भात ते मुकाट्यानं जेवले, थोडा आणखी मागून घेतला आणि बसल्या जागी झोपले.

ती ज्योतीरामला लिफ्टपर्यंत सोडायला आली. तिला बरंच काही विचारायचं होतं. “काका, ते बाबा म्हणत होते, ते...” तिनं सुरुवात केली.

“आजारी मानूस हाय, काय बी बोलतं,” ज्योतीराम म्हणाला. “तुझ्या बापानं मला जिता काढला, हे ध्यानात ठेव.”

लिफ्टचं दार बंद होताना बघून तो जिन्यानं उतरला. बसला गर्दी होती. भोसरीत उतरल्यावर त्याला वाटलं, आपल्याला आज भूक नाही, पोट भरलेलं आहे. उद्या पुन्हा यायला हवं होतं. उद्या दोघांची हजेरी होती.